रोवणी लागायच्या आत एक डबी

मोहाडी तालुक्यात ज्यांच्या घरी एक तरी माणूस शुगरची गोळी खातो, त्या सगळ्यांना हे लिहितो आहे. घाई आहे, म्हणून मागणं आधी सांगतो.

मिरगाचा पाऊस तोंडावर आहे. पऱ्हे टाकले जातील, बांध्या भरतील आणि एकदा रोवणी लागली की पुढचे दोन महिने आपल्याकडे कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याआधी एका सकाळी उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ डबीत द्या आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’ असं लिहून घ्या. लॅबवाले तिला नुसतं ‘एसीआर’ म्हणतात, काही ठिकाणी ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणतात. ‘शुगर तपासली आहे’, ‘लघवी मागच्याच महिन्यात तपासली’ असं सांगून मागे फिरू नका. ती तपासणी वेगळी आणि ही वेगळी. दोन्हींच्या मधल्या फटीत माणसं जातात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

मी डॉक्टर नाही, लॅबचा माणूस आहे. तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं, लघवीच्या बाटल्या हाताळल्या. घर कोष्ट्यांचं. वडील मागावर बसले, थोरले भाऊ मागावर बसले. मी चार बुकं शिकलो आणि नळ्या-पट्ट्यांकडे वळलो. भाऊंना पंचेचाळिशीत शुगर निघाली. गोळी नेमानं घेत, भात मोजून खात, दारूचा थेंब नाही. दर सहा महिन्यांनी मीच त्यांची तपासणी करायचो आणि रिपोर्टवर माझ्याच अक्षरात लिहायचो, ‘प्रोटीन : निल’. अकरा वर्षं निल. भाऊ तो कागद चार घड्या करून देवघराच्या फळीवर ठेवायचे, चौंडेश्वरीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.

बाराव्या वर्षी लघवीत बुडवायच्या पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवा झाला. तोवर पायावर सूज दिसू लागली होती. आणखी चार वर्षांनी त्यांच्या डाव्या हातात फिश्चुला केला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शीर आणि धमनी एकमेकींना जोडली. या हातावर वजन नको, दाब नको, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या हातानं चाळीस वर्षं धोटा झेलला होता. भाऊ माझ्याकडे पाहून म्हणाले, “मंग आता माग कोन्त्या हातानं चालवू गा?”

मी लिहिलेलं ‘निल’ खोटं नव्हतं. पट्टीला जेवढं दिसत होतं तेवढंच मी लिहिलं. पण पट्टीला काय दिसत नाही, ते कागदावर कुठेच नव्हतं. मला ते ठाऊक होतं, शिकताना परीक्षेत लिहिलंही होतं. आमच्या लॅबमध्ये ती दुसरी तपासणी होत नव्हती, कोणी मागत नव्हतं आणि मीही बोललो नाही. आज बोलतो आहे, तो उशिराच.

आता हे नेमकं काय आहे ते सांगतो. मोहाडी-आंधळगावच्या माणसाला कोशाचं कापड ठाऊक आहे, त्यामुळे मला सोपं जाईल. आपल्या दोन किडन्या म्हणजे मुठीएवढ्या दोन गाळण्या नव्हेत. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळून निघतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं शरीर परत ओढून घेतं. या गाळणीला बाहेरून विशिष्ट पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींना पाय असतात आणि शेजारशेजारच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात, अगदी ताण्या-बाण्यासारखे. त्या विणीतून पाणी जातं, मीठ जातं, युरिया जातो. अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन मात्र जवळजवळ जात नाही, कारण वीण घट्ट असते.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की गाळणीच्या आतला दाब वाढतो आणि ही वीण एकेका जागी सैल पडते. सुरुवातीला इतकी थोडी की डोळ्यांना कळत नाही. कापडाची सैल वीण आमचे वडील डोळ्यांनी नव्हे, अंगठा आणि तर्जनी फिरवून ओळखायचे. एसीआर तपासणी हे त्या बोटांचं काम करते. लघवीला सारखा फेस येऊ लागणं, डोळ्यांखाली सूज, पायावर दाबलं की खळगा पडणं ही सगळी कापड फाटल्यानंतरची लक्षणं झाली.

आणि दुखत काही नाही. हे पुन्हा लिहितो, कारण आपल्याकडे ‘किडनीचा त्रास’ म्हटलं की लोकांना मुतखडाच आठवतो. कमरेतून कळ येते, माणूस गडबडा लोळतो, मग त्याला भंडाऱ्याला नेतात. खड्याची ही एक सोय आहे, तो ओरडून सांगतो. साखरेनं किडनी खराब होते तेव्हा कळ येत नाही, ताप येत नाही. भूक लागते, झोप लागते, माणूस नांगरही धरतो. रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा बराच काळ ‘नॉर्मल’ दाखवतं. ते वर सरकेपर्यंत किडनीची निम्मी ताकद गेलेली असू शकते.

लघवीतून किडनीचं दुखणं वाचायची युक्ती जुनी आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचा डॉक्टर होता. अंगावर सूज असलेल्या रोग्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखा थर धरतो, हे त्यानं पाहिलं आणि १८२७ साली ते छापलं. मेल्यानंतर त्याच रोग्यांच्या किडन्या उघडून पाहिल्या, तर त्या बिघडलेल्या. मीही नोकरीच्या सुरुवातीला परीक्षानळीत लघवी उकळून, ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब टाकून हेच करत होतो. चमच्याची नळी झाली, मेणबत्तीचा बर्नर झाला, पुढे पट्टी आली. पण तिन्हींची नजर जवळपास सारखीच, बरंच काही गळू लागलं तरच दिसणार. १९६३ साली त्याच गायज हॉस्पिटलात हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अगदी थोडं अल्ब्युमिनही मोजता येईल अशी पद्धत बसवली. पुढे १९८० च्या दशकात तिथल्या आणि डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की मधुमेही माणसाच्या लघवीत ही सूक्ष्म गळती सापडली, तर काही वर्षांनी मोठी गळती येण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. म्हणजे इशारा वाचायची विद्या चाळीस वर्षांची जुनी आहे. ती महाग यंत्रांची राहिलेली नाही, खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत होते. तरीही आपल्या गावात शिबिर म्हटलं की बोट टोचून साखर, दंडाला पट्टा बांधून बीपी, एक बिस्किटाचा पुडा आणि संपलं.

आकडा कसा वाचायचा तेही सांगतो. रिपोर्टवर एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन, असा आकडा येतो. ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे सूक्ष्म गळती. ३०० च्या वर म्हणजे मोठी. साध्या पट्टीला नीट दिसू लागतं ते साधारण या तिसऱ्या टप्प्याच्या आसपास. मधला जो ३० ते ३०० चा पट्टा आहे, ज्यात करण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, तो पट्टीच्या नजरेतून निसटतो. माझ्या भावाचा तो पट्टा माझ्या हाताखालून ‘निल’ होऊन गेला.

क्रिएटिनिन मध्ये का आणलं, असं एका शिक्षकांनी मला विचारलं होतं. डेअरीवर दूध घालणाऱ्याला हे लगेच समजेल. माणूस तांब्याभर पाणी पिऊन आला की लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिन कमी असल्यासारखं दिसतं. उन्हातून आला की घट्ट होते आणि जास्त दिसतं. क्रिएटिनिन मात्र एकाच माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण सारखंच पडतं. त्यानं भागलं की दुधात पाणी किती ते आपोआप वजा होतं. म्हणून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवत बसायची गरज राहिली नाही, सकाळची एक डबी पुरते.

२०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, प्रौढांमध्ये शंभरातल्या अकरांहून थोड्या जास्त जणांना. मधुमेहींपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या किडनीवर पुढे-मागे परिणाम होतो. तुमच्या ओळीतली शुगरवाली तीन घरं मोजा. ब्रिटनमध्ये हजारो मधुमेहींवर वर्षानुवर्षं नजर ठेवली तेव्हा दिसलं की दर वर्षी शंभरातले सुमारे दोन जण निरोगी गटातून सूक्ष्म गळतीत येतात, आणि सूक्ष्म गळतीतल्यांपैकी सुमारे तीन जण मोठ्या गळतीत जातात. हे सावकाश चालतं. या सावकाशपणानं माणूस फसतो खरा, पण हाताशी वेळ राहतो तोही त्याच्यामुळेच. मधल्या पट्ट्यात सापडलेल्या कित्येकांची गळती औषधांनी कमी होते, काहींची ३० च्या खाली परत येते. पुढच्या पट्ट्यातून असं मागे येणं अवघड.

मग रोवणीआधीच का, दिवाळीनंतर का नाही? आळसाला दिवाळी नेहमीच जवळची वाटते, तो मुद्दा सोडा. खरं कारण तपासणीतच आहे. चोवीस तासांच्या आत अंगमेहनत जोरात झाली असेल, तर निरोगी माणसाच्याही लघवीत अल्ब्युमिन चढतं. दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईची दुसऱ्या दिवशीची लघवी घेतली, तर आकडा तिच्या किडनीचा की तिच्या कष्टाचा, हे मला सांगता येणार नाही. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी चालू असेल, साखर किंवा बीपी फारच चढलेलं असेल, तरीही तेच. म्हणून निवांत दिवस निवडा, आणि ते आत्ता आहेत.

एका रिपोर्टवर कोणी हादरूनही जाऊ नये. पहिला आकडा ३० च्या वर आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचं असतं, आणि तीनपैकी दोन वेळा वर आला तर खरं मानायचं. आपल्या पंचांगात ते छान बसतं. पहिली डबी रोवणीआधी, दुसरी पोळा-तान्हा पोळा आटोपल्यावर, तिसरी लागलीच तर धान कापायच्या आत. ज्यांचा आकडा ठीक आला त्यांनी दर वर्षी याच दिवसांत एकदा द्यावी. शुगर नुकतीच निघाली म्हणून ‘अजून वेळ आहे’ असं समजू नका. प्रौढ वयातला मधुमेह सापडतो तेव्हाच तो बऱ्याचदा काही वर्षांचा जुना असतो, म्हणून निदान झालं त्याच वर्षी पहिली डबी. लहानपणी झालेला, इन्सुलिनवरचा मधुमेह असेल तर पाच वर्षांनंतर सुरू करतात. शिवाय डबीसोबत रक्तातलं क्रिएटिनिनही करून घ्या आणि त्यावरून किडनीची गाळण्याची गती, ‘ईजीएफआर’, लिहून मागा. काही मधुमेहींची किडनी लघवीत काहीच न गळता मंदावते, ते फक्त या दुसऱ्या आकड्यात दिसतं.

आपल्या भागापुरतं एक ज्यादा सांगणं आहे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा सिकलसेलचा पट्टा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सिकलसेलच्या रोग्यात भरवशाची राहत नाही. लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. वाहक माणसातही काही यंत्रांवर तो चुकू शकतो. आणि सिकलसेलनं स्वतःहूनही किडनीतून अल्ब्युमिन गळतं. तेव्हा घरात कोणाचं सिकलसेलचं कार्ड असेल, तर ते डबीसोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. एचबीएवनसी सहा आलं म्हणून खुशीत फिरणारा माणूस मी पाहिला आहे. त्याची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या घरात होती.

आता लाजेबद्दल. रक्त द्यायला आपले लोक हात पुढे करतात, लघवी म्हटलं की मान खाली. बाया तर बाटली पदराखाली, वर कागद, त्यावर काळी पिशवी अशी लपवून आणतात आणि टेबलावर ठेवून दुसरीकडे बघतात. कित्येक जणी ‘उद्या आणते’ म्हणून जातात त्या जातातच. सुनेनं सासऱ्याची डबी न्यायची म्हणजे घरात अर्धा दिवस चर्चा. मी एवढंच सांगतो की लॅबच्या माणसाला त्यात काही वाटत नाही. तुमच्या सोन्याच्या पोतीकडे सोनार जसा पाहतो, तसंच आम्ही पाहतो, वजन किती आणि भेसळ किती. भेसळीवरून आठवलं, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, मधाच्या बाटलीत आणि (काय सांगू) देशीच्या पव्व्यातसुद्धा मी नमुने घेतले आहेत. कितीही धुतलं तरी आतलं काही राहतं आणि रिपोर्ट बिघडतो. डबी मेडिकलमधूनच घ्या.

एक इशारा जरा रागानं देतो. अलीकडे ‘किडनी पॅकेज’, ‘ॲडव्हान्स्ड मार्कर’ अशी पत्रकं दिसतात. लघवीत अल्ब्युमिनच्याही आधी काही दिसतं का, याचा शोध जगभर चालू आहे आणि तो खराच मोलाचा आहे. एनजीएएल, किम-१, एल-एफएबीपी ही त्यातली नावं. ही प्रथिनं गाळणीपेक्षा तिच्या पुढच्या नळीला इजा झाली की वाढतात. युरोपातल्या दहा देशांत १,७७५ मधुमेहींवर एक अभ्यास झाला, तो २०२० साली छापून आला. लघवीतल्या २७३ बारीक प्रथिन-तुकड्यांचा नमुना पाहून त्यांनी धोक्याचा गट आधीच वेगळा काढला. त्या गटातल्या शंभरातल्या २८ जणांना पुढे सूक्ष्म गळती लागली, बाकीच्या गटात शंभरातल्या ९ जणांना. अंदाज बरोबर निघाला. पण त्या गटाला आधीच औषध देऊन गळती टाळता येते का, हे पाहिलं, तर त्या औषधानं ठोस फरक पडला नाही. म्हणजे ही विद्या अजून मोठ्या केंद्रांत शिजते आहे. मोहाडीच्या माणसानं तिच्यासाठी हजारो रुपये मोडू नयेत, आणि ‘काहीतरी नवं येतंय’ म्हणून थांबूही नये. ज्याचा अर्थ कळतो आणि ज्यावर इलाज आहे, तो आकडा काही शे रुपयांत हजर आहे.

इलाज आहे, हे मी जोर देऊन सांगतो, कारण ‘सापडून तरी काय करायचं’ हा प्रश्न मला पारावर शंभर वेळा ऐकावा लागला. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही बीपीची म्हणून ओळखली जाणारी औषधं गाळणीतला दाब उतरवतात. साखरेनं बिघडलेल्या किडनीला त्यांच्या जातीची औषधं वाचवतात, हे १९९३ आणि २००१ सालच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं. त्यानंतर डॅपाग्लिफ्लोझिनच्या घराण्यातल्या गोळ्या आल्या. २०१९ आणि २०२० सालच्या अभ्यासांनी त्या किडनी निकामी होणं लांबवतात हे सिद्ध केलं. २०२० साली भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या कितीतरी स्वस्त झाल्या. भावाच्या वेळी हे शेवटचं हाताशी नव्हतं. तुमच्या वेळी आहे. यातलं कोणतंही औषध स्वतः दुकानातून आणून मात्र सुरू करू नका. काहींना पोटॅशियम वाढतं, पहिल्या गटातलं गरोदर बाईला चालत नाही, दुसऱ्या गटातलं उलट्या-जुलाबात आणि कडक उपासात थांबवावं लागतं. नवरात्रात चौंडेश्वरीचे नऊ उपास धरणाऱ्यांनी घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. देवीला उपास पोचायचा तो पोचेलच.

बीपी १३०/८० च्या आत ठेवायला सांगतात. मीठ दिवसाला चमचाभर, त्यात सुकी मासळी, लोणचं, पापड सगळं धरून. खर्रा सोडा. भात सोडा म्हणणार नाही, ते इथे कोणी ऐकणारही नाही. पण ताटातला ढीग निम्मा करता येतो.

आणि रोवणीतली सुई. कंबर मोडते हे मान्य. संध्याकाळी गावातल्याच कोणाकडून डायक्लोफेनॅकची सुई टोचून घ्यायची, नाहीतर टपरीवरून लाल-पिवळी गोळी आणायची आणि सकाळी पुन्हा बांधीत उतरायचं, असं पंधरा-वीस दिवस चालतं. उन्हाचा घाम, पाणी कमी, वर ही दुखण्याची औषधं. मधुमेही किडनीवर याहून वाईट घाला दुसरा नाही. शुगरवाल्या माणसानं दुखण्यावर काय घ्यायचं ते आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणावं, बहुतेक वेळा साधं पॅरासिटामॉल सांगतील. शुगर मुळापासून उपटणाऱ्या पुड्या आणि भस्मं विकणारेही याच दिवसांत बाजारात बसतात. त्यात काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

डायलिसिसचं काय ते थोडक्यात सांगतो, घाबरवायला नाही. आठवड्यातून बहुधा तीन वेळा, दर वेळी चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार मोफत होतात आणि त्याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे. पण भंडाऱ्याला, नाहीतर थेट नागपूरला जाणं-येणं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वाटेतला चहा हे योजनेत येत नाही. वहिनी तीन वर्षं दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एसटीत बसल्या. त्या काळात मागावर कोळी बसला.

आता काही जणांना वेगळं सांगतो. तालुक्यातल्या डॉक्टरसाहेबांनो, शुगरच्या रोग्याची चिठ्ठी लिहिताना वर्षातून एकदा ‘एसीआर’ ही तीन अक्षरं लिहा, रोगी आपणहून मागणार नाही. लॅबवाल्या माझ्या भावांनो, ‘प्रोटीन : निल’ लिहाल तिथे खाली एक ओळ छापून घ्या, ‘साध्या पट्टीला सूक्ष्म गळती कळत नाही, मधुमेहींनी एसीआर करून घ्यावी’. शाईला काही खर्च येत नाही. मला ही ओळ सुचली तेव्हा भाऊ गेले होते. आशाताईंनो, तिशीवरच्यांचे फॉर्म तुम्हीच घरोघर भरता, कोणत्या घरात शुगरची गोळी चालू आहे ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्या घरांत मिरगाआधी एकदा डोकावा. वरठीपासून कांद्री-जांबपर्यंत आणि वैनगंगेपलीकडच्या करडीपर्यंत ज्या ग्रामपंचायती शिबिरं घेतात, त्यांनी यंदा व्यासपीठ आणि हार यांवरचा खर्च वळवून गावातल्या मधुमेहींच्या डब्यांचा खर्च उचलावा. ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी नावानिशी मागा. मिळाली नाही तर लेखी मागा, गावाच्या ठरावानं मागा. मागणी कागदावर असली की तिला वाट फुटते.

पुण्या-मुंबईला, नागपूरला कामाला असलेल्या पोरांनो, रविवारी फोन करता तेव्हा ‘बाबा, शुगर किती आली?’ एवढंच विचारता. यंदा ‘एसीआर किती आला?’ विचारा. ते गोंधळतील. मग कोणाला तरी सोबत पाठवून डबी द्यायला लावा आणि रिपोर्टचा फोटो मागवा.

द्यायची रीत : आदल्या दिवशी जड काम नको. सकाळी उठल्यावरची पहिलीच लघवी. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत, अर्धी डबी पुष्कळ. झाकण घट्ट. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. उशीर होणार असेल तर थंड जागी ठेवा. आणि नाव, वय, वेळ डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. सकाळच्या गर्दीत झाकणं बदलतात.